नावे आणि छप्पर

धनत्रयोदशीला आपण दक्षिणेकडे ज्योत करून यमदीप लावतो. जवळपास याच दिवसांत, २ नोव्हेंबरला, ख्रिस्ती लोक आपल्या मृतांचे स्मरण करतात. इंग्लंडातल्या कित्येक खेड्यांत त्या सुमारास लोक सायंकाळी गावच्या जुन्या चर्चमध्ये जमतात. गेलेल्यांची नावे एकेक करून वाचली जातात, आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लागते. मग दानाची ताटली फिरते. पैसा जातो छपराच्या डागडुजीला.

स्मरणात हा पैशाचा व्यवहार कशाला, असे कोणास वाटेल. पण ही सांगड फार जुनी आहे, वाचकहो! मध्ययुगात गावोगावच्या चर्चमध्ये एक यादी असे. कोणी मेण द्यावे, कोणी गाय, कोणी इमारतीला पैसा. मोबदल्यात दात्याचे नाव यादीत चढे आणि वर्षातून एकदा सर्वांसमक्ष वाचले जाई. गरिबालाही आपले नाव मागे राहील असा भरवसा वाटे.

१५४७ साली, सहाव्या एडवर्डच्या राज्यात, हे मोडले. मृतांच्या प्रार्थनेसाठी ठेवलेली इनामे कायद्याने सरकारजमा झाली आणि मूर्तींपुढचे दिवे विझले.

नावे परत आली ती १९१४-१८ च्या महायुद्धानंतर. रणांगणावर पडलेल्यांची शवे मायदेशी आणायची नाहीत, असा सरकारचा नियम होता. आईला मुलाची कबर दिसेना. मग गावच्या चर्चच्या भिंतीवर कोरलेले त्याचे नाव हीच तिला कबर झाली.

आज त्या भिंतीच संकटात आहेत. इंग्लंडच्या अधिकृत चर्चपंथाच्या इमारती सुमारे १६,०००. त्यांतल्या १२,००० हून अधिक ऐतिहासिक म्हणून नोंदलेल्या. पण रोजच्या देखभालीचा भार त्या त्या गावावरच पडतो, आणि गावात माणसे थोडी. विल्टशरमधले इंगलशमचे चिमुकले चर्च कवी विल्यम मॉरिस यांच्या खटपटीने गेल्या शतकाच्याही आधी वाचले. १९६९ साली ओस पडलेल्या चर्चसाठी एक निधी उभा राहिला. त्याची वारस संस्था आज इंगलशमसह साडेतीनशेहून अधिक वास्तू सांभाळते.

बाकीच्यांचे काय? तेथे ती ताटलीच. भिंत पडली, तर नावे वाचायची कोठे?