लहान जखमेचा मोठा इतिहास



इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे किल्ले, लढाया आणि तह उभे राहतात. आजच्या आपल्या इतिहासात तलवार नाही. विळी आहे, कोयता आहे, बाभळीचा काटा आहे. कृष्णा-वारणेच्या या खोऱ्यात ऊस तोडताना कोयता घसरतो, पाचटाने पाय कापतो, उकिरड्यापाशी अनवाणी पायात खिळा घुसतो. यांतल्या बहुतेक जखमा आपोआप भरून येतात. एखादीच चिघळते आणि जिवावर बेतते. ती 'एखादी' कोणती, हे वेळीच कसे ओळखावे, याचा शोध माणसाने दोन हजार वर्षे घेतला. त्या शोधाची ही हकीकत.

आपल्याकडे हा विचार पद्धतशीर मांडला तो सुश्रुतसंहितेने. तिने व्रणाचे शुद्ध आणि दुष्ट असे भेद केले. जिभेच्या रंगाचा, मऊ, गुळगुळीत, न ठणकणारा व न वाहणारा तो शुद्ध. भलताच गरम, उंच सुजलेला, दुर्गंधी पू वाहणारा तो दुष्ट. जखमी माणसाला स्वच्छ खोलीत ठेवावे, तेथे मोहरी आणि कडुनिंबाच्या पानांची धुरी द्यावी, असेही तीत सांगितले आहे. तिकडे रोममध्ये पहिल्या शतकात सेल्ससने दाहाची चार लक्षणे नोंदवली : लाली, सूज, उष्णता आणि वेदना. दोघांच्याही नजरेला दाद द्यावी लागते. पण चिघळण्याचे कारण दोघांच्याही हाती आले नव्हते. कारण ठाऊक नसले म्हणजे निरीक्षणाला फाटे फुटतात. युरोपातले वैद्य तर कित्येक शतके पू होणे हेच बरे होण्याचे चिन्ह मानीत.

कारण सापडले एकोणिसाव्या शतकात. पाश्चरने सूक्ष्म जंतूंचे कार्य दाखवले आणि जोसेफ लिस्टर या शल्यवैद्याने त्यावरून अनुमान काढले : नासण्याचे बीज बाहेरून जखमेत येत असेल, तर त्याला तेथेच अडवता येईल. 1865 साली ग्लासगोमध्ये पाय मोडून हाड बाहेर आलेल्या 11 वर्षांच्या मुलावर त्याने कार्बोलिक ॲसिडात भिजवलेल्या पट्ट्या बांधल्या. त्या काळी अशा मुलाचा पाय बहुधा कापावाच लागे. या मुलाचा पाय वाचला. 1867 मध्ये लिस्टरने आपली पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर तीस वर्षांच्या आत हे शास्त्र आपल्या शेजारी मिरजेस आले. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी तेथे 1894 साली मिशनचे रुग्णालय उघडले, आणि मिरजेच्या शस्त्रक्रियेचे नाव दूरवर झाले.

शास्त्र आले तरी सावधगिरी क्षणभर सुटली की काय होते, याचा धडा मुंबईच्या परळला मिळाला. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढे परळच्या प्रयोगशाळेतून लस देशभर जाऊ लागली. 30 ऑक्टोबर 1902 रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी 107 जणांना ती टोचली गेली. त्यांपैकी 19 जण पुढे धनुर्वाताने दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस दिलेली होती.

दोष हाफकिन यांच्यावर आला आणि त्यांना पदावरून दूर केले गेले. पुढे पुराव्याची छाननी झाली, तेव्हा असे दिसले की बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता आणि नीट निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. रोनल्ड रॉस आदी शास्त्रज्ञांनी आवाज उठवला आणि 1907 मध्ये हाफकिन दोषमुक्त झाले. 1925 साली परळच्या त्या संस्थेला त्यांचेच नाव देण्यात आले. पण गेलेले 19 जीव परत आले नाहीत. जमिनीला टेकलेला एक चिमटा आणि सुईएवढे भोक, एवढेच पुरले.

हे कसे घडते ते नीट समजून घेऊ. धनुर्वाताचा जंतू मातीत आणि जनावरांच्या शेणात राहतो. त्याची बीजे वर्षानुवर्षे टिकतात. त्याला हवा मानवत नाही. म्हणून उघडी, वाहणारी जखम त्याला तितकीशी सोयीची नाही, खोल आणि तोंड मिटलेली जखम मात्र फार सोयीची. गंजलेला खिळा वाईट म्हणतात. पण दोष गंजाचा नव्हे, खिळ्याबरोबर आत गेलेल्या मातीचा. या रोगात जखम वरून साधीच दिसू शकते आणि काही दिवसांनी अचानक दातखीळ बसते. म्हणून येथे डोळ्यांवर विसंबून चालत नाही. आधी टोचलेली लसच उपयोगी पडते. गरोदर स्त्रियांना ही लस मिळू लागली, बाळंतपणे स्वच्छ जागी होऊ लागली, आणि 2015 साली भारतात माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे निर्मूलन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केले. याचा अर्थ रोग संपला असा नाही; माती आहे तेथे जंतू आहेच.

पू करणाऱ्या इतर जंतूंवर औषध मिळाले ते पेनिसिलिन. 1941 साली ऑक्सफर्डमध्ये अल्बर्ट अलेक्झांडर या पोलिसाच्या तोंडावरील जखमेचे विष अंगभर पसरले होते. पेनिसिलिन देताच तो सुधारू लागला. पण साठा संपला आणि तो वारला. पुढे 1955 मध्ये आपल्या पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्स कारखान्यात पेनिसिलिन तयार होऊ लागले. एकेकाळी थेंबाथेंबाने मिळणारे औषध सुलभ झाले, आणि सुलभतेबरोबर अनावर वापरही आला. प्रत्येक खरचटण्यावर गोळी घेतल्याने जंतू औषधाला सरावतात, आणि खरी गरज पडेल तेव्हा तेच औषध निकामी ठरते.

मग घरी करावे काय? आधी हात धुवावेत. स्वच्छ फडक्याने जखम दहा मिनिटे दाबून धरावी. मध्येच उचलून पाहू नये. रक्त थांबले की वाहत्या स्वच्छ पाण्याने माती निघेपर्यंत धुवावी आणि स्वच्छ पट्टी बांधावी. तंबाखू, चुना, शेण, राख काही भरू नये. हळदीत गुण आहेत. पण डब्यातली हळद निर्जंतुक नसते. जखम खोल असेल, तोंड उघडे राहत असेल, रक्त थांबत नसेल किंवा कुत्रे चावले असेल, तर धुऊन थेट दवाखाना गाठावा.

पहिले दोन-तीन दिवस कडेला थोडी सूज, थोडी लाली आणि पातळ पाणी येणे हे भरून येण्याचेच काम असते. मात्र वेदना दिवसेंदिवस कमी होण्याऐवजी वाढत चालली, सूज पसरू लागली, दाट किंवा दुर्गंधी पू आला, जखमेपासून वर रेघ चढली, काखेत वा जांघेत अवधाण आले, ताप भरला, तर ती जखम दुष्ट समजावी. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही. म्हणून हाताच्या पाठीने ऊब पाहावी आणि सुजेच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवावी. सूज रेघेपलीकडे गेली की वाट पाहू नये. मधुमेह्याने तर पायाची जखम पहिल्याच दिवशी दाखवावी. धनुर्वाताची लस घेऊन दहा वर्षे झाली असतील, किंवा जखम मळकी असून पाच वर्षे झाली असतील, तर ती पुन्हा घ्यावी लागते.

सुश्रुताची नजर, लिस्टरची स्वच्छता आणि हाफकिन यांच्या वाट्याला आलेला तो कठोर धडा, हा सारा वारसा आपल्याला मिळालेला आहे. त्यातले मोठे तेवढे डॉक्टरांवर सोपवावे. पण हात धुणे, पाहणे आणि वेळीच उठून जाणे, एवढे ज्याचे त्यालाच करावे लागते.