८० रकान्यांची सवय

कर्जत-खोपोली लोकलमध्ये टर्मक्सवर डाउनलोड चालू असताना आडवा फोन उभा केला, आणि प्रोग्रेस बारच्या तुटक्या ओळींचा ढीग झाला. असं का होतं? बार दरवेळी ओळीच्या सुरुवातीला येऊन स्वतःवरच लिहितो. ओळ दुमडली की वरचा तुकडा त्याला पुसताच येत नाही.

मूळ जुनंय. आयबीएमच्या १९२८च्या पंचकार्डावर ८० रकाने, १९७८च्या व्हीटी१०० टर्मिनलवरही नेहमीचे ८०च. रुंदी ठरलेली, मग विचारणार कशाला? पुढे खिडक्या आल्या, ताणता येऊ लागल्या. म्हणून १९८६च्या ४.३ बीएसडी युनिक्समध्ये ‘सिगविंच’ सिग्नल होता: माप बदललंय! प्रोग्रामने कान दिला नाही तर तो वायाच. डब्ल्यूगेट मात्र ऐकतो, नवी रुंदी विचारतो नि पट्टी पुन्हा आखतो.