दातवणापासून विजेच्या ब्रशापर्यंत

सकाळी उठल्यावर माणूस पहिले काम कोणते करतो? तोंड धुतो. चहा त्यानंतर आणि देवपूजाही त्यानंतर. हे काम इतके रोजचे आहे की त्यालाही काही इतिहास असेल, हे आपल्या ध्यानात येत नाही. लढायांच्या सनावळ्या आपण मुलांकडून घोकून घेतो. दात घासण्याची गोष्ट मात्र कोणी सांगत नाही. ती आज सांगावी असा विचार आहे, आणि त्यासाठी पुणे जिल्ह्याबाहेर फारसे जायलाही नको.

शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील संशोधकांनी १९६८ सालापासून पुढे अनेक वर्षे तेथे उत्खनन केले. सुमारे तीन हजार वर्षांपूर्वीची शेतकऱ्यांची वस्ती त्यांना मातीखाली सापडली. ही माणसे जव पिकवीत, गुरे पाळीत आणि आपली मृत माणसे घराच्या जमिनीखाली पुरीत. त्या सांगाड्यांचे दात अभ्यासकांनी तपासले, तर त्यांत किडलेले दातही निघाले!

तुम्ही म्हणाल, त्या काळी साखरेची गोळी नव्हती, बिस्किटे नव्हती. मग दात किडले कशाने? कीड म्हणजे अळी नव्हे, हे आधी ध्यानात घ्या. भाकरीचे, घुगऱ्यांचे पिठूळ कण दातांच्या फटींत राहतात. तोंडातले सूक्ष्म जंतू त्यांवर जगतात आणि आम्ल तयार करतात. ते आम्ल दाताचे कठीण कवच हळूहळू पोखरते. जंतूंचा हा चिकट थर हिरडीच्या कडेला साचला की हिरड्या सुजतात आणि रक्त येते. गोडाने हा रोग वाढतो हे खरे. पण धान्य पिकवून खाणाऱ्या माणसाच्या मागे तो फार पूर्वीपासून लागलेला आहे.

त्यावर आपल्या पूर्वजांनी उपाय काढला तो दातवणाचा. बाभूळ, कडुनिंब, करंज, खैर ही झाडे खेड्यात कोणाला ठाऊक नाहीत? चरकसंहितेत दातवणाविषयी जे सांगितले आहे ते आजच्या दंतवैद्यानेही मान डोलवावी असे आहे. काडीचे टोक ठेचून मऊ करावे, दिवसातून दोनदा दात घासावेत, आणि घासताना हिरड्यांना इजा होऊ देऊ नये, असा त्याचा आशय आहे. वाग्भटाने काडीचे मापही दिले: जाडी करंगळीएवढी, लांबी बारा अंगुळे. तोंड आलेले असेल तर दातवण करू नये, असेही तो सांगतो.

दोनदा घासा आणि हिरड्या जपा, ही दोन सूत्रे ध्यानात ठेवा. पुढे आपल्याला त्यांची गरज लागणार आहे.

पुढे काय झाले? सूत्रे विस्मरणात गेली आणि हाताला येईल ते दातांवर आले. कोणी कोळसा कुटला, कोणी राखुंडी केली, कोणी विटेचा चुरा घेतला. सर्वांत वाईट म्हणजे मशेरी आली. भाजलेल्या तंबाखूची ही काळी पूड आपल्या कितीतरी माताभगिनींच्या बोटाला चिकटून बसली आहे. दात दुखायचे थांबतात म्हणून ती सुरू होते आणि पुढे तिच्यावाचून सकाळ होत नाही. ती दात साफ करीत नाही. ती व्यसन लावते आणि तोंडाच्या कर्करोगाला वाट करून देते. येथे शब्द मवाळ करण्यात अर्थ नाही.

आता येरवड्याला चला. १९३० सालचा मिठाचा सत्याग्रह झाला आणि गांधीजी येरवड्याच्या तुरुंगात आले. त्यांच्या सोबतीला काही काळ काकासाहेब कालेलकर होते. काकासाहेब साताऱ्याला जन्मलेले आणि फर्ग्युसन कॉलेजात शिकलेले. तेव्हाची एक आठवण त्यांनी पुढे लिहून ठेवली आहे. तुरुंगात कडुनिंबाची झाडे होती. काकासाहेबांनी एक काडी आणली, टोक ठेचून कुंचला केला आणि गांधीजींना दिली. दात घासून झाल्यावर गांधीजींनी सांगितले की, वापरलेले टोक तेवढे कापा, उरलेली काडी उद्या चालेल. काकासाहेबांना नवल वाटले. झाड दारात असताना रोज ताजी काडी का घेऊ नये? गांधीजींचे म्हणणे असे की, मिळते म्हणून घेण्याचा आपल्याला हक्क नाही. काडी वाळून निकामी होईपर्यंत ती टाकता येणार नाही.

टोक कापावे आणि काडी ठेवावी, हे आपले तिसरे सूत्र.

इकडे विलायतेत निराळाच प्रकार चालला होता. १७८० च्या सुमारास विल्यम अ‍ॅडिस नावाच्या इंग्रजाने हाडाच्या मुठीत जनावराचे राठ केस बसवून ब्रश विकायला काढले. पुढे बहुतेक ब्रशांना डुकराचे केस असत. आपल्याकडे पुष्कळांना ते तोंडात घालणे धर्माला सोडून वाटले, यात नवल नाही. १९३८ साली अमेरिकेत नायलॉनच्या केसांचा ब्रश बाजारात आला आणि ही अडचण संपली. मग आपल्याकडेही पेस्ट आणि ब्रश घरोघर शिरले.

आणि विजेचा ब्रश? तो १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये डॉ. फिलिप-गी वूग यांनी तयार केला. ज्यांना हात नीट हलवता येत नाही अशा रुग्णांसाठी आणि दातांना तारा बसवलेल्यांसाठी तो मुख्यतः होता. ज्या यंत्राला आज चैनीची वस्तू समजतात, ते मुळात पांगळ्या हाताला आधार म्हणून जन्मले. आरंभी ते भिंतीतल्या विजेवर चाले. १९६० नंतर चार्ज करून वापरायचे ब्रश आले. आज त्याचे मुख्य प्रकार दोन. एकाचे डोके वाटोळे असते आणि ते पुढेमागे गरगरते. दुसऱ्याचे लांबट डोके अतिवेगाने थरथरते.

त्याने खरोखर फरक पडतो का? कॉक्रेन या जागतिक संस्थेने २०१४ साली ५६ चाचण्या एकत्र तपासल्या. साध्या ब्रशापेक्षा विजेच्या ब्रशाने तीन महिन्यांनंतर दातांवरचा थर २१ टक्क्यांनी आणि हिरड्यांची सूज ११ टक्क्यांनी कमी आढळली. फायदा आहे; पण जादू नाही. ज्याला साधा मऊ ब्रश नीट फिरवता येतो त्याचे विजेच्या ब्रशावाचून काही अडत नाही. परंतु संधिवाताने बोटे आखडलेली आजी, कंपवाताने हात थरथरणारे आजोबा, अर्धांगाने एक बाजू गेलेला माणूस, यांच्यासाठी तो घरात आणलात तर पैसे सत्कारणी लागतील.

घ्यायचा झाला तर आपली तीन सूत्रे घेऊनच दुकानात जा. हिरड्या जपायच्या, म्हणून केस मऊ हवेत, डोके लहान हवे, आणि जास्त दाबले तर इशारा देणारा ब्रश मिळाल्यास उत्तम. दोनदा घासायचे आणि दर वेळी पुरेसे घासायचे, म्हणून दोन मिनिटे मोजणारे घड्याळ त्यात असावे. आणि टोक कापून काडी ठेवायची, म्हणून ज्याचे नुसते डोके बदलता येते असाच ब्रश घ्या. ती डोकी तालुक्याच्या गावी मिळतात का, हे आधी विचारा; नाहीतर तीन महिन्यांनी मूठ कपाटात पडून राहील. वीज जाते त्या गावात एकदा चार्ज करून किती दिवस चालतो, तेही विचारा.

वापरताना लोक एक चूक हमखास करतात. साध्या ब्रशासारखा हाही खसाखसा घासतात. तसे करू नका, बरे का! घासायचे काम यंत्राचे; तुम्ही फक्त तो दात आणि हिरडी यांच्या सांध्याशी हलकेच टेकवायचा, दोन-तीन सेकंद थांबायचे आणि पुढच्या दातावर न्यायचा. बाहेरची बाजू, आतली बाजू, मग चावायची बाजू. तोंडाचे चार भाग धरा आणि प्रत्येकाला अर्धा मिनिट द्या. पेस्ट फ्लोराइडची असावी. तीन वर्षांखालील मुलाला तांदळाच्या दाण्याएवढी, त्यापुढे सहा वर्षांपर्यंत वाटाण्याएवढी पुरे. मूल ती गिळत नाही ना, हे पाहा. रात्री झोपण्यापूर्वीचे घासणे चुकवू नका. केस फाकले की, किंवा साधारण तीन महिन्यांनी, डोके बदला. रक्त येतच राहिले तर ब्रश बदलत न बसता दंतवैद्य गाठा.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, शेवटचे सांगणे तुम्हाला. विजेचा ब्रश प्रत्येक घरी जाणार नाही आणि जायलाही नको. पण वर्गातल्या मुलाला तुम्ही जे शिकवाल ते संध्याकाळी घरी जाते. एखाद्या मुलीने आजीच्या हातातली मशेरीची डबी बाजूला ठेवली आणि तिला मऊ ब्रश धरायला शिकवले, तर इनामगावापासून चालत आलेल्या या गोष्टीत तिने एक चांगले पान जोडले असे मी म्हणेन.