तबकडीचा गोडवा

तबकडीवरील गाणें सरस कीं डिजिटल मुद्रणांतील सरस, हा वाद रसिकांच्या बैठकींत चाळीस वर्षांहून अधिक काळ चालू आहे. एक पक्ष तबकडीच्या सुरांतील ऊब सांगतो, दुसरा तिची खरखर पुढें करतो. निकाल देण्यापूर्वीं या वादाचा इतिहास पाहणें इष्ट होईल, असें आम्हांस वाटतें.

सन १९१५ च्या सुमारास एडिसनच्या कंपनीनें अमेरिकेंत जाहीर प्रयोग आरंभिले. रंगमंचावर गायिका आणि तिच्या शेजारीं फोनोग्राफ. गायिका मध्येंच थांबे व यंत्र तेंच गीत पुढें चालवी. कोण गात आहे हें ओळखतां येत नाहीं, अशी ग्वाही श्रोत्यांनीं दिली. पुढें अनेक वर्षांनीं ॲना केस या गायिकेनेंच कबूल केलें कीं, आपण आपला आवाज यंत्राच्या आवाजाशीं जुळवून घेत होतों!

सन १९४८ मध्यें कोलंबिया कंपनीनें व्हिनाइलची दीर्घ तबकडी काढली. लाखेच्या तबकडींत तीन-साडेतीन मिनिटांत आटोपावा लागणारा राग आतां वीसेक मिनिटें फुलूं लागला. परंतु खर्जाचे स्वर चाकोरी फार रुंद करतात, म्हणून कोरतांना ते दाबावे व उंच स्वर उठवावे लागतात. वाजवितांना उलट क्रिया करून तोल साधावा लागतो. शिवाय सुई मध्याकडे सरकली कीं उंच स्वर पुसट होऊं लागतात.

सन १९८२ मध्यें सोनी व फिलिप्स यांची सीडी बाजारांत आली. ती सेकंदास ४४,१०० वेळां घेतलेलीं ध्वनीचीं मापें साठविते. या मापांच्या मधला सूर हरवतो, हा समज चुकीचा होय. सेकंदास २२,०५० कंपनांच्या आंतील स्वर त्यांवरून पुन्हां उभे करतां येतात. आणि मनुष्याच्या कानाची मजल सुमारें २०,००० कंपनांपर्यंतच आहे.

मग तबकडी गोड कां लागते? एक कारण माणसांच्या करणींत आहे. १९९० नंतर, आपलें गाणें इतरांहून मोठें वाजावें या ईर्ष्येनें, कित्येक सीडींत हलका व मोठा आवाज यांतील अंतर चेपून टाकण्यांत आलें. तबकडीसाठीं केलेली प्रत पुष्कळदां या अत्याचारांतून वांचली. दुसरें कारण श्रद्धा. सन २०२२ मध्यें अमेरिकेंत असें उघड झालें कीं, डिजिटलचा स्पर्शही नाहीं म्हणून चोखंदळ रसिक ज्यांची वाखाणणी करीत, अशा एका कंपनीच्या अनेक तबकड्या डिजिटल प्रतीवरूनच कोरलेल्या होत्या. आणि हा प्रघात २०११ पासूनचा होता.

तात्पर्य, माध्यमाहून तें हाताळणाराचा विवेक महत्त्वाचा. आमच्या घरांतून अब्दुल करीम खां, बालगंधर्व यांच्या जुन्या तबकड्या अद्याप कोठें कोठें माळ्यावर आहेत. त्यांची डिजिटल प्रत अवश्य करावी. परंतु खरखर पुसतां पुसतां गायकाचा श्वासही पुसला जाऊं शकतो, म्हणून मूळ तबकडी टाकूं नये. चुकलेली प्रत पुन्हां करतां येते. मात्र त्यासाठीं मूळ शाबूत राहिलें पाहिजे.