नोटीस पिरियड (नोकरीचा नव्हे, मोबाईलचा)

'नोटीस पिरियड' म्हटलं की आपल्या आयटीवाल्यांच्या पोटात गोळा येतो. तीन महिने, नॉलेज ट्रान्सफर, नवीन कंपनी बायआउट देईल का... पण आजचा विषय तो नाही. मोबाईल कंपनी सोडतानाही नोटीस पिरियड असायचा, आणि त्याचा इतिहास मला नोकरीवाल्यापेक्षा जास्त रंजक वाटतो. आपल्याकडे बहुतेकांचं कार्ड प्रीपेड, त्यामुळे ही भानगड फारशी माहीत नसते. पण २०१९ च्या आधी ब्रिटनमध्ये ऑनसाइट राहून आलेल्या कुणालाही विचारा.

तिथे १ जानेवारी १९९९ पासून नंबर तोच ठेवून मोबाईल कंपनी बदलता यायची. म्हणजे आपल्यापेक्षा तब्बल बारा वर्षं आधी. मात्र त्यासाठी जुन्या कंपनीकडून पीएसी नावाचा कोड घ्यावा लागे, आणि तो घ्यायला फोन करावा लागे. फोन केला की समोर बसलेला माणूस कोड द्यायच्या आधी 'का सोडताय, काय कमी पडलं, हा नवीन प्लॅन बघा' सुरू करणार. आपली एच.आर. एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये करते तेच.

आणि मग तीस दिवस. कंत्राटाची मुदत संपलेली असली तरी सोडायचं म्हणजे साधारण तीस दिवसांची नोटीस द्यायची, आणि त्या दिवसांचं भाडं भरायचं. आता गंमत अशी की २०११ पासून नंबर प्रत्यक्षात एका कामाच्या दिवसात नवीन कंपनीकडे जायचा. म्हणजे मंगळवारी कोड घेतला, बुधवारी नंबर गेला, नवीन बिल सुरू झालं. आणि जुन्या कंपनीचं मीटर पुढचे चार आठवडे चालूच. फोन एक, भाडी दोन. कोड तीस दिवस चालायचा, म्हणून हुशार लोक तो घेऊन ठेवत आणि अगदी शेवटच्या एकदोन दिवसांत वापरत. बाकीचे गपगुमान दुप्पट भरत. ऑफकॉम (आपल्या ट्रायचा ब्रिटिश भाऊ) च्या अंदाजानुसार ग्राहकांचे यात वर्षाला एक कोटी पौंडांहून जास्त जात होते.

हे इतकी वर्षं चाललं कसं? कारण सगळ्या किल्ल्या जुन्या कंपनीच्या हातात होत्या. नुसता कोडच नाही, तर तांत्रिक रचनाही तशीच होती. ब्रिटनमध्ये नंबर दुसरीकडे नेला तरी त्यावर येणारा कॉल आधी जुन्या कंपनीच्या नेटवर्कवर जातो आणि तिथून पुढे ढकलला जातो. घर बदललं तरी पत्रं जुन्या पत्त्यावर आणि जुना घरमालक ती पुढे पाठवणार, असा प्रकार. घरमालकाचं दिवाळं निघालं तर पत्रांचं काय, हा प्रश्न ऑफकॉमलाही पडला होता. २००७ मध्ये त्यांनी ठरवलं की एक मध्यवर्ती डेटाबेस उभारायचा, आणि नंबर दोन तासांत बदलायचा, तोही नवीन कंपनीमार्फत. जुनीला विचारत बसायचं नाही. व्होडाफोन या निर्णयाविरुद्ध अपिलात गेली आणि २००८ मध्ये लवादाने तो रद्द केला. ऑफकॉमने खर्च आणि फायद्याचं गणित नीट मांडलेलं नाही, असं लवादाचं म्हणणं पडलं. तारीख बघा: २००८. तीस दिवसांचं दुहेरी भाडं बंद झालं १ जुलै २०१९ ला. त्या दिवसापासून ६५०७५ वर 'पीएसी' असा एसेमेस केला की कोड मिनिटाभरात, आणि नंबर गेल्यानंतरच्या दिवसांचं भाडं घ्यायला बंदी. (कंत्राट मध्येच तोडलं तर दंड आहेच, ते वेगळं.)

आता आपल्याकडे या. ट्रायने शिफारस केली २००६ मध्ये, नियम आले २००९ मध्ये, सुरुवात झाली २५ नोव्हेंबर २०१० ला हरियाणात आणि २० जानेवारी २०११ ला देशभर. उशीर झाला खरा, पण त्या उशिराचा फायदाही झाला. आपण पहिल्यापासून मध्यवर्ती डेटाबेस घेतला. कॉल लावणारं नेटवर्कच आधी बघतं की नंबर सध्या कुणाकडे आहे, आणि थेट तिथे पाठवतं. १९०० वर एसेमेस करायचा, आठ अक्षरी कोड येणार, तो घेऊन नवीन दुकानात जायचं. सुरुवातीला फी होती १९ रुपये. नोटीस पिरियड नाही! ब्रिटनला जो एसेमेस २०१९ मध्ये मिळाला तो आपल्याकडे आठ वर्षं आधी होता. १६ डिसेंबर २०१९ पासून तर आपला कोडही जुनी कंपनी देत नाही, मधली डेटाबेसवाली कंपनी देते.

म्हणून लगेच कॉलर ताठ करायला नको. कारण दरवाजा उघडा ठेवला तरी कंपन्या उंबरा उंच करतातच. २०२१ मध्ये काही स्वस्त प्लॅन असे होते की त्यात एसेमेसच नव्हता. बॅलन्स असूनही १९०० वर मेसेज जाईना. म्हणजे सोडून जायचं तर आधी त्याच कंपनीचा महाग रिचार्ज मारा! शेवटी ७ डिसेंबर २०२१ ला ट्रायला आदेश काढावा लागला की कुठलाही प्लॅन असो, पोर्टिंगचा एसेमेस गेलाच पाहिजे.

आणि पैशांचं म्हणाल तर प्रीपेडमध्ये नंबर नेला की उरलेला बॅलन्स बुडाला, हा आपला नियम. युरोपीय संघाच्या २०१८ च्या निर्देशात ग्राहकाने मागितलं तर उरलेला बॅलन्स परत द्यायचा आहे. आपल्याकडे तशी वेळ आली ती कंपनीच बुडाल्यावर. जानेवारी २०१८ च्या शेवटी एअरसेलने महाराष्ट्रासह सहा सर्कलमधली सेवा बंद केली, नंतर दिवाळखोरीत गेली, आणि ट्रायने उरलेला बॅलन्स आणि पोस्टपेडचं डिपॉझिट परत करायला सांगितलं. ग्राहक स्वतः सोडून गेला तर बॅलन्स बुडतो, आणि कंपनी ग्राहकाला सोडून गेली तर परत करायचा, हा न्याय मला तरी कळलेला नाही.

पोस्टपेडवाल्यांसाठी मात्र एक कामाची गोष्ट. आपल्यातल्या अनेकांनी कधीतरी आयएसडी किंवा इंटरनॅशनल रोमिंगसाठी डिपॉझिट भरलेलं असतं, आणि कार्ड बंद करताना ते विसरलेलं असतं. २००९ च्या नियमांत हे पैसे साठ दिवसांत परत करायचं बंधन घातलं गेलं. पण पत्ता बदललेला, चेक परत आलेला, ग्राहक बंगलोरला गेलेला... असे न घेतलेले पैसे कंपनीला कायमचे ठेवता येत नाहीत. ट्रायने २००७ मध्ये त्यासाठी एक वेगळा निधी काढला. ग्राहक सापडत नाही अशी डिपॉझिटं आणि जादा आकारलेली बिलं त्यात जमा होतात. त्या निधीच्या उत्पन्नातून ग्राहकांना त्यांच्या हक्कांची माहिती देणारे कार्यक्रम घेतले जातात. तेव्हा कधी अशा कार्यशाळेला गेलात तर चहा-बिस्किटं बिनधास्त घ्या, पैसे कदाचित तुमचेच असतील :-)