घरगुती ग्राफिक्स कार्डाची मंदावलेली वाटचाल

संगणकाच्या पडद्यावरील प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरविण्यासाठी लागणारी आकडेमोड ज्या स्वतंत्र भागात होते, त्यास ग्राफिक्स कार्ड म्हणतात. एनव्हिडिया या अमेरिकी कंपनीचे ‘जीफोर्स २५६’ १९९९ मध्ये आले. त्यानंतर बरीच वर्षे नव्या पिढीचे कार्ड जवळपास त्याच किमतीत लक्षणीय अधिक वेग देत असे. आता हा क्रम मंदावला आहे.

पहिले कारण चिपनिर्मितीत आहे. ट्रान्झिस्टर लहान करणे उत्तरोत्तर अवघड आणि महाग होत चालले आहे. २०२२ चे ‘आरटीएक्स ४०९०’ आणि २०२५ चे ‘आरटीएक्स ५०९०’ ही दोन्ही कार्डे तैवानच्या टीएसएमसी कंपनीच्या एकाच पिढीच्या प्रक्रियेवर बनली. साहजिकच वेग वाढविण्यासाठी चिप मोठी करावी लागली. विजेची गरज ४५० वरून ५७५ वॉटवर आणि किंमत १,५९९ वरून १,९९९ डॉलरवर गेली.

दुसरे कारण आर्थिक आहे. जानेवारी २०२२ अखेर संपलेल्या वर्षात एनव्हिडियाला गेमिंग विभागातून सुमारे १२.५ अब्ज, तर डेटा सेंटर विभागातून १०.६ अब्ज डॉलर मिळाले. तीनच वर्षांनी गेमिंगचा आकडा ११.४ अब्जांवर राहिला; डेटा सेंटरचा मात्र ११५ अब्जांवर पोहोचला. सिलिकॉनच्या चकत्या, कारखान्यांची क्षमता आणि अभियंते मर्यादित असल्याने ते अधिक नफ्याच्या मालाकडे वळतात.

स्मृती-चिपबाबतही हेच घडते. कृत्रिम बुद्धिमत्तेसाठी लागणाऱ्या वेगवान स्मृतीची मागणी एवढी वाढली, की मायक्रॉन कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये ‘क्रुशियल’ हा आपला ग्राहकोपयोगी व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. एएमडीच्या ‘आरएक्स ४८०’ मध्ये २०१६ साली २३९ डॉलरमध्ये ८ जीबी स्मृती मिळत होती. २०२५ मध्ये २९९ डॉलरच्या ‘आरटीएक्स ५०६०’ मध्येही ती ८ जीबीच आहे, अर्थात ती अधिक वेगवान आहे.

ही उणीव सॉफ्टवेअरने भरून काढण्याचा प्रयत्न होतो. नव्या कार्डांत प्रत्यक्ष आकडेमोडीने काढलेल्या एका चित्रामागे एकाहून अधिक चित्रे अनुमानाने तयार करता येतात. त्यामुळे हालचाल सफाईदार दिसते. परंतु खेळाडूच्या आज्ञेला मिळणारा प्रतिसाद त्या प्रमाणात जलद होत नाही.

हा प्रश्न केवळ खेळाडूंचा नाही. २०१२ मध्ये टोरांटो विद्यापीठातील संशोधकांनी ‘अ‍ॅलेक्सनेट’ ही चित्रे ओळखणारी प्रणाली ‘जीटीएक्स ५८०’ या दोन गेमिंग कार्डांवर घडविली. आजच्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या लाटेचा आरंभ तेथून मानला जातो. डेटा सेंटरची यंत्रे विद्यार्थ्यांच्या आवाक्याबाहेर असतात. म्हणूनच स्वस्त कार्डांची प्रगती खुंटली, तर अल्प साधनांवर होणाऱ्या अशा संशोधनाची वाटही अरुंद होते.