सीताफळाच्या कुळापासून कर्करोगाच्या पेशीपर्यंत : डॉ. कमल रणदिवे

#थ्रेड

१/ १९८२ साली दोन घटना घडल्या. भारत सरकारने डॉ. कमल रणदिवे यांना पद्मभूषण दिले. त्याच वर्षी अमेरिकेत रूल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी उंदरांच्या स्तनकर्करोगाशी निगडित एक जनुक शोधून काढले. या घटनांचा परस्परांशी थेट संबंध नाही. प्रश्न मात्र दोन्हीकडे एकच होता. निरोगी पेशी बेबंद कशी होते?

२/ कमल समर्थ यांचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुण्यात झाला. वडील फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. मुलीने डॉक्टर व्हावे, अशी त्यांची इच्छा होती. हुजूरपागा आणि फर्ग्युसनमधून शिकलेल्या कमलने वेगळी वाट धरली. १९४३ मध्ये पुण्याच्या कृषी महाविद्यालयातून त्या एम.एस्सी. झाल्या. विषय होता सीताफळ, रामफळ, हिरवा चाफा या कुळातील वनस्पतींची गुणसूत्रे.

३/ १९३९ मध्ये गणितज्ञ ज. त्र्यं. रणदिवे यांच्याशी विवाह झाला आणि पुढे बिऱ्हाड मुंबईस आले. परळचे टाटा मेमोरियल रुग्णालय १९४१ मध्ये सुरू झाले होते. तेथे विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली काम करून त्यांनी १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली.

४/ पुढचा मुक्काम बाल्टिमोर, जॉन्स हॉपकिन्स. तेथे जॉर्ज गे यांच्या प्रयोगशाळेत त्या ऊतीसंवर्धन शिकल्या. शरीरातून काढलेल्या पेशी काचपात्रात जिवंत ठेवून वाढवण्याचे हे तंत्र. याच प्रयोगशाळेत १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या पेशी तिच्या संमतीविना वाढवल्या गेल्या. त्याच जगप्रसिद्ध ‘हेला’ पेशी.

५/ तंत्र शिकणे आणि ते मुंबईत रुजवणे यांत फार अंतर होते. पेशींना शरीराएवढी ऊब लागते, पोषक द्रव लागतो, रक्तद्रव्य लागते. एक जंतू शिरला की सारी मेहनत वाया जाते. खानोलकरांच्या पुढाकाराने १९५२ मध्ये परळला भारतीय कर्करोग संशोधन केंद्र उभे राहिले. तेथे रणदिवे यांनी प्रायोगिक जीवशास्त्राची आणि ऊतीसंवर्धनाची प्रयोगशाळा उभारली.

६/ स्तनाच्या कर्करोगाबाबत एक कोडे त्या वेळी गाजत होते. कर्करोगप्रवण वाणाची उंदराची पिल्ले निरोगी वाणाच्या मादीने पाजली, तर रोगाचे प्रमाण घटते, असे जॉन बिटनर यांनी १९३६ मध्ये दाखवले होते. म्हणजे आईच्या दुधातून काहीतरी येत होते. तो विषाणू निघाला.

७/ मग दोष कोणाचा? आनुवंशिकतेचा, संप्रेरकांचा की विषाणूचा? रणदिवे यांनी उंदरांवरील प्रयोगांतून हे धागे एकत्र तपासले. रोगाला बळी पडण्याची प्रवृत्ती, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध हा त्यांच्या संशोधनाचा गाभा होता. रक्ताच्या आणि अन्ननलिकेच्या कर्करोगावरही त्यांनी काम केले.

८/ विषाणू नेमके काय करतो, हे उलगडले ते १९८२ च्या शोधातून. या विषाणूजवळ स्वतःचे कर्कजनुक नसते. तो पेशीच्या डीएनएत घुसतो आणि शेजारचे शांत जनुक जागे करतो. त्या जनुकाला ‘इंट-१’ नाव मिळाले.

९/ १९८७ मध्ये कळले की फळमाशीतील ‘विंगलेस’ हे जनुक त्याचेच भावंड आहे. दोन्ही नावे जुळवून ‘विंट’ झाले. गर्भ घडत असताना एक पेशी दुसरीला ‘वाढ’ असा निरोप धाडते, तो याच मार्गाने. निरोप थांबेनासा झाला की गाठ वाढते.

१०/ एक खुलासा आवश्यक आहे. माणसातील स्तनकर्करोग याच विषाणूमुळे होतो, असे सिद्ध झालेले नाही. पण विंट संदेशमार्गातील बिघाड माणसांत, विशेषतः मोठ्या आतड्याच्या कर्करोगात, स्पष्ट दिसतो. उंदरांवरील प्रश्नाचे उत्तर असे माणसापर्यंत पोहोचले.

११/ विज्ञानाचा इतिहास बहुधा शोधकर्त्यांच्या नावांनी लिहिला जातो. प्रयोगशाळा उभारणारे आणि माणसे घडवणारे त्यात मागे पडतात. १९६६ ते १९७० या काळात रणदिवे यांनी संशोधन केंद्राच्या संचालकपदाची धुरा हंगामी म्हणून सांभाळली. १९७३ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेच्या त्या संस्थापक सदस्य होत्या. ११ एप्रिल २००१ रोजी त्यांचे निधन झाले.

१२/ परळचे ते केंद्र आज टाटा मेमोरियलच्या संशोधन संस्थेच्या रूपाने नवी मुंबईत खारघरला आहे. काचपात्रात पेशी वाढवणे तेथे आता रोजचे काम आहे. मुंबईत ते प्रथम जमवणाऱ्यांत पुण्याच्या हुजूरपागेतील एक विद्यार्थिनी होती, एवढे तरी स्मरणात असावे.